माशीच्या पोटातलं होकायंत्र

(स्टेट कॉलेज येथे मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. छापण्यासाठी थोडी काटछाट केली आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आरती झाली आहे, स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास सुटला आहे, आणि जेवणाच्या रांगेआधीची पंचवीस मिनिटं कार्यकारिणीनं माझ्या ताब्यात दिली आहेत. उपाशी श्रोत्यांपुढे बोलणं हे धाडस आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

मी घरामागे मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे मंडळात कुठेही भेटलो की एक प्रश्न ठरलेला: "काका, मोबाईलमुळे मधमाश्या मरतात, हे खरं का हो?" पुण्याहून आमची वहिनीसुद्धा दरवर्षी न चुकता तोच मजकूर फॉरवर्ड करते. आणि कबूल करायला हवं, काही वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, हातात डिश घेऊन, "हो, शंभर टक्के खरं" असं छातीठोकपणे सांगणारा मीच होतो. आज मी ते विधान मागे घ्यायला उभा आहे.

झालं होतं असं. माश्या पाळायचं ते माझं पहिलंच वर्ष. उन्हाळाभर पेटी अगदी भरलेली होती. हिवाळा सरला, मार्चमधल्या एका उबदार दुपारी झाकण उघडलं, तर आत शुकशुकाट. चौकटींमध्ये मध जसाच्या तसा, तळाशी मूठभर मेलेल्या माश्या, आणि बाकीच्या हजारो गेल्या कुठे त्याचा पत्ता नाही. आमच्या मागच्या टेकडीवर आदल्याच उन्हाळ्यात मोबाईलचा टॉवर उभा राहिला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! मी निकाल देऊन टाकला. माश्यांना म्हणे चुंबकत्व कळतं, टॉवरमुळे त्यांचं होकायंत्र बिघडलं, बिचाऱ्या घरी परतूच शकल्या नाहीत. गोष्ट कशी बिनतोड वाटते की नाही?

या गोष्टीतला एक भाग खरा आहे, आणि तो कल्पनेपेक्षाही नवलाचा आहे. दुसरा भाग चुकीचा आहे, आणि तो मला महागात पडला. आधी नवलाचा भाग सांगतो.

माशीला चुंबकत्व कळतं हे माणसाला कळलं कसं? त्यासाठी माश्यांच्या नाचापासून सुरुवात करावी लागते. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी या नाचाचा अर्थ उलगडला, आणि १९७३ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. फुलं सापडलेली माशी घरी येते आणि पोळ्याच्या उभ्या भिंतीवर, मिट्ट काळोखात, पोट हलवत एका सरळ रेषेत धावते, वळसा घेऊन परत येते, पुन्हा धावते. ही रेषा सरळ वर गेली तर अर्थ असा की फुलं सूर्याच्या दिशेला आहेत. ती उभ्या रेषेपासून तीस अंश उजवीकडे कलली, तर सूर्याच्या तीस अंश उजवीकडे जा. जेवढा वेळ ती पोट हलवत धावते, तेवढं अंतर जास्त. म्हणजे बाहेरचा सूर्य घरातल्या अंधारात 'वर' या दिशेत भाषांतरित होतो. आपल्यातल्या अनेकांना पंचवीस वर्षांनीसुद्धा स्टेट कॉलेजच्या डाउनटाउनमध्ये उत्तर कुठे ते सांगता येत नाही!

फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर. नाचाची भाषा मुळात कशी घडली असेल ते पाहण्यासाठी हे गृहस्थ १९५० च्या दशकात श्रीलंकेत गेले आणि आपल्याकडच्या आग्या, सातेरी आणि फुलोरी माश्यांच्या कुळाचा अभ्यास करून आले. त्यांच्या लक्षात आलं की माश्या नाचताना थोड्या चुकतात. काही अंशांचीच चूक, पण ती दिवसाच्या वेळेप्रमाणे ठरावीक रीतीनं कमी-जास्त होते. चूक जर नियमानं होत असेल, तर तिला कारण असणार. लिंडाउअर आणि हर्मन मार्टिन यांनी १९६० च्या दशकात मोहोळाभोवती तारेची वेटोळी बसवली, त्यातून वीज सोडली आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तेवढ्या जागेपुरतं जवळजवळ शून्यावर आणलं. चूक नाहीशी झाली! गंमत पाहा, चुंबकत्व काढून घेतल्यावर माशीचा नाच जास्त अचूक झाला. त्याचा अर्थ, एरवी ते चुंबकत्व तिला कुठेतरी जाणवत होतं.

मग त्यांनी पोळं आडवं ठेवलं. आडव्या पोळ्यावर 'वर' नाही, आणि सूर्यही दिसू दिला नाही. सुरुवातीला माश्या भांबावल्या, वाटेल त्या दिशेला नाचू लागल्या. पण काही आठवड्यांनी त्यांचे नाच उत्तर, ईशान्य, पूर्व अशा होकायंत्राच्या आठ दिशांना धरून होऊ लागले. क्षेत्र शून्यावर आणलं, की पुन्हा गोंधळ.

मला सर्वांत आवडतो तो घरबांधणीचा प्रयोग. एका वसाहतीतून बाहेर पडलेला थवा गोल, रिकाम्या, अंधाऱ्या पेटीत सोडला. कुठला कोपरा नाही, कुठली खूण नाही. तरी त्यांनी नवी पोळी जुन्या घरातल्या पोळ्यांच्याच दिशेला बांधली. पेटीजवळ चुंबक ठेवून क्षेत्राची दिशा फिरवली, तर पोळ्यांची दिशाही फिरली. हजारो जणी अंधारात एकाच वेळी बांधकामाला लागतात, मुकादम कोणी नाही, आणि तरी भिंती समांतर येतात. घर सोडून नव्या ठिकाणी गेल्यावर देवघर, तुळस, डबे जुन्याच पद्धतीनं मांडणारे आपण लोक. ही गोष्ट ऐकल्यावर मला त्या थव्याबद्दल फार जवळीक वाटली.

आता हे चुंबकीय क्षेत्र असतं तरी केवढं? मोजायचं एकक नॅनोटेस्ला. इथे आपल्या गावात ते पन्नास हजारांच्या थोडं वर आहे, पुण्या-मुंबईकडे सुमारे त्रेचाळीस हजार. फ्रिजवर मुलांची चित्रं धरून ठेवणारं जे चुंबक असतं, त्याच्या जवळच्या क्षेत्रापेक्षा हे साधारण शंभर पटींनी क्षीण. आणखी एक फरक आहे. पुण्यात होकायंत्राची सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेकडे बघते. इथे ती सुमारे अकरा अंश पश्चिमेला वळते. शिवाय ती सुई मोकळी टांगली तर तिकडे थोडीशीच जमिनीकडे झुकेल, इथे मात्र जवळजवळ नाक जमिनीत खुपसेल. म्हणजे देश बदलला की पायाखालचं चुंबकत्वही बदलतं. आपल्याला याची गंधवार्ता नसते.

हे क्षेत्र मोजणं किती नाजूक काम आहे, त्याची एक आपल्याकडची गोष्ट सांगतो. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. १८५९ च्या प्रचंड सौरवादळात सुई कशी उसळली, त्याची कुलाब्यातली नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह आला म्हणजे चुंबकीय गडबड आली. वेधशाळेच्या उपकरणांना खरी नोंद करणं अशक्य झालं असतं. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला नेली. इमारत अशा दगडाची आणि अशा साहित्याची, की ज्यात चुंबकत्व नाही. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली, आणि अलिबागची वेधशाळा आजही काम करते आहे. सुट्टीत अलिबागला जाऊन किल्ला पाहून, मासे खाऊन परत येणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ती पाहिली आहे?

अलिबागच्या नोंदींत दिसतं, की पृथ्वीचं क्षेत्र दिवसभर स्थिर नसतं. सूर्य वर चढतो तसं ते हळूच बदलतं आणि संध्याकाळी पूर्वपदावर येतं. बदल केवढा? चाळीसेक हजारांत काही दहा नॅनोटेस्लांचा. हा आकडा लक्षात ठेवा.

१९८० च्या दशकात हवाई विद्यापीठात मायकेल वॉकर आणि बिटरमन यांनी माश्यांची चक्क परीक्षा घेतली. खाण्याच्या दोन जागा, दिसायला सारख्या. एकीखालच्या वेटोळ्यानं तिथलं चुंबकीय क्षेत्र किंचित बदललेलं. योग्य जागा निवडली तर साखरपाणी, चुकली तर नाही. मोकळेपणानं येणाऱ्या-जाणाऱ्या माश्या हा फरक शिकल्या. मग तो फरक कमी कमी करत नेला, आपण नाही का डोळ्यांच्या डॉक्टरकडे खालची खालची ओळ वाचत जातो, तसा. बहुतेक माश्या काहीशे नॅनोटेस्लांपाशी थांबल्या, पण सर्वांत तल्लख माशीनं सुमारे सव्वीस नॅनोटेस्लांचा फरक ओळखला. सव्वीस! ज्यासाठी माणसाला अलिबागला दगडी इमारत बांधावी लागली, त्या जातीचा बदल एका माशीच्या अंगात मावतो.

अंगात म्हणजे नेमका कुठे? १९७८ साली प्रिन्स्टनच्या जेम्स गूल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मधमाशीच्या पोटात पुढच्या भागात मॅग्नेटाईट असतं. हे लोखंडाचं नैसर्गिक चुंबकीय खनिज, ज्याचे पूर्वी खलाशी दगड वापरत. वॉकर आणि बिटरमन यांनी माश्यांच्या पोटावर अगदी बारीक चुंबक चिकटवले, तर त्यांना क्षेत्रातला फरक ओळखणं जड जाऊ लागलं. २०१६ मध्ये तैवानच्या संशोधकांनी पोटाकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतूंचा दोर कापून पाहिला. शिकलेला चुंबकीय इशारा माशीला ओळखता येईना. आणि २०१७ मध्ये कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या गटानं प्रशिक्षित माश्या काही क्षण जोरदार चुंबकाजवळ धरल्या. त्यांच्या पोटातल्या कणांचं चुंबकत्व बदललं, आणि त्याबरोबर साखरपाण्याजवळचा चुंबकीय बदल ओळखण्याची त्यांची क्षमताही गेली. सगळ्या खुणा पोटाकडेच बोट दाखवतात. आपल्याकडे 'पोटात ठेवणं' म्हणजे गुपित राखणं. माशीनं दिशा पोटात ठेवली आहे!

पण मंडळी, इथे थोडं थांबायला हवं. हे कण नेमक्या कोणत्या पेशीत बसून, कोणत्या मज्जातंतूला कसा धक्का देतात, ते अजून निर्विवादपणे कोणी दाखवलेलं नाही. १९९४ साली तैवानमधून 'सापडली ती पेशी' असं जाहीर झालं होतं, त्यावर लगेच आक्षेप आले आणि वाद मिटला नाही. कबुतरांच्या बाबतीत तर मोठीच फजिती झाली. त्यांच्या चोचीत लोहकण असलेल्या पेशी म्हणजेच होकायंत्र, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. २०१२ मध्ये निघालं की त्या रोगजंतू गिळणाऱ्या साध्या रक्षक पेशी आहेत. काही प्राण्यांमध्ये डोळ्यांतल्या प्रकाश शोषणाऱ्या एका प्रथिनामार्फत चुंबकत्व कळत असावं, असा दुसरा एक विचार आहे. मधमाशी मात्र अंधाऱ्या पेटीतही क्षेत्राला प्रतिसाद देते, म्हणून तिच्या बाबतीत मॅग्नेटाईटचं पारडं जड आहे.

आता महत्त्वाचा प्रश्न: माशी घरी येते ती याच होकायंत्रावर विसंबून का? उत्तर, मुख्यतः नाही. ती आधी सूर्य पाहते. सूर्य ढगात असेल तर निळ्या आकाशाच्या एखाद्या तुकड्यातल्या प्रकाशाची ठेवण पाहून तो कुठे आहे ते ओळखते. घराजवळ आली की झाडं, कुंपण, वास या खुणा. नव्या माशीला पेटीबाहेर आल्यावर तोंड पेटीकडे करून घिरट्या घालताना पाहिलंत कधी? ती पत्ता पाठ करत असते.

सूर्य पाहून दिशा ठरवायची तर घड्याळ हवं, कारण सूर्य सरकतो. तेही माशीपाशी आहे. १९५५ साली माक्स रेनर यांनी पॅरिसमध्ये बंद खोलीत ठरावीक वेळी खायची सवय लावलेल्या माश्या विमानानं न्यूयॉर्कला आणल्या. दुसऱ्या दिवशी त्या बरोबर पॅरिसच्या जेवणाच्या वेळी खायला बाहेर आल्या! पुण्याहून आल्यावर रात्री दोनला फ्रिज उघडून उभे राहणारे आपण, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे माशीचं चुंबकीय ज्ञान हे अनेक साधनांपैकी एक, बहुधा काळोखात आणि अडचणीत कामी येणारं. तिचं होकायंत्र बिघडलं तरी स्वच्छ उन्हात सूर्य आणि ओळखीची झाडं तिला घरी आणू शकतात. माझ्या 'बिनतोड' गोष्टीला पहिली चीर गेली ती इथे.

आणि आता तो महागात पडलेला भाग.

२००६ चा नोव्हेंबर. इथून तास-सव्वा तासावर ल्युइसबर्गला राहणारे डेव्ह हॅकनबर्ग हे मोठे मधमाशीपालक. हिवाळ्यासाठी त्यांनी पेट्या फ्लोरिडात नेल्या होत्या. तिथे चारशे पेट्यांच्या जागी ते गेले, तर बहुतेक रिकाम्या. मध आहे, पिल्लं आहेत, काही ठिकाणी राणीसुद्धा आहे, पण कामकरी माश्या गायब. आजूबाजूला प्रेतंही नाहीत. त्या हिवाळ्यात देशभरातून असंच ऐकू येऊ लागलं. याला 'कॉलनी कोलॅप्स डिसऑर्डर' हे नाव पडलं, आणि शोधाच्या मुख्य केंद्रांपैकी एक होतं आपल्या गावचं पेन स्टेट.

तशात २००७ च्या एप्रिलमध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रानं बातमी दिली, की मोबाईल फोनमुळे माश्या नाहीशा होत असाव्यात. आधार कोणता? जर्मनीतल्या लांडाऊ इथला एक अगदी छोटा प्रयोग. त्यात मोबाईल नव्हताच. घरातल्या कॉर्डलेस फोनचं यंत्र सरळ पेटीत ठेवलेलं होतं. आपल्या कामाचा विपर्यास झाला, असं त्या संशोधकांनीच पुढे सांगितलं. पण बातमी जगभर पोचली होती, आणि खुलाशाला कोण विचारतो? २०१० मध्ये चंडीगडला अशाच तऱ्हेनं पेटीत मोबाईल ठेवून प्रयोग झाला, आणि भारतातही तीच चर्चा पेटली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं टॉवरचा पक्षी आणि माश्यांवर काय परिणाम होतो ते तपासायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी.

इकडे पेन स्टेटच्या डायना कॉक्स-फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मला निर्णायक वाटते. ज्या पेट्या ओस पडल्या, त्यांच्या चौकटी तशाच वापरून नव्या माश्या सोडल्या तर त्याही ढासळायच्या. पण त्याच चौकटींवर आधी किरणांचा मारा करून त्यांतले जंतू मारले, तर ही साखळी तुटायची. विचार करा. दोष टॉवरचा असता, तर चौकटी निर्जंतुक करून काय फरक पडला असता? टॉवर होता तिथेच होता. म्हणजे घरात रोग होता. त्या निबंधात एका विषाणूवर संशय घेतला होता. २००९ च्या मोठ्या पाहणीत मात्र दिसलं, की कोणताही एकच गुन्हेगार पुरेसा नाही. परजीवी, विषाणू, कीटकनाशकं, फुलांचा दुष्काळ, सगळे मिळून घात करतात.

शिवाय पोटातल्या होकायंत्राचीही साक्ष आहे. १९९७ साली कर्शविंक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोजलं, की क्षेत्र जितकं भराभर दिशा बदलतं, तितकं ते माशीला कमी जाणवतं. घरातल्या विजेसारखं, सेकंदाला साठ वेळा उलटसुलट होणारं क्षेत्र ओळखायला तिला कितीतरी जोरदार क्षेत्र लागतं. मोबाईलच्या लहरी तर सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटतात. पोटातली सुई तेवढ्या वेगानं हलणार कशी?

तेव्हा माझ्या पेटीचं काय झालं होतं? मी तेव्हा हे काही वाचलं नव्हतं. मी पेटी उचलली, टॉवर दिसणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली, नव्या माश्या आणल्या, आणि निर्धास्त झालो. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. पुन्हा शुकशुकाट.

तिसऱ्या वर्षी एक अनुभवी मधमाशीपालक शेजारी घरी आले. त्यांनी एकच विचारलं, "माइट मोजले होतेस?" मी गप्प. त्यांनी अर्धा कप माश्या बरणीत घेतल्या, म्हणजे साधारण तीनशे. वरून पिठीसाखर घातली, झाकणाला जाळी लावून हलवलं आणि कागदावर साखर पाडली. साखरेतून तांबूस-तपकिरी, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके चालू लागले. व्हरोआ. माशीच्या अंगाला गोचिडीसारखा चिकटणारा परजीवी. शंभर माश्यांमागे तीन निघाले की धोक्याची घंटा. आम्ही मोजले, एकतीस. म्हणजे शंभरामागे दहा! साखरेत न्हालेल्या माश्या परत पेटीत सोडल्या, त्या एकमेकींना चाटत बसल्या. मी मात्र खुर्चीवर बसून राहिलो. दोन वर्षं मी टेकडीकडे बघत टॉवरला शिव्या देत होतो आणि मारेकरी माझ्याच पेटीत, माझ्याच माश्यांच्या पाठीवर होता. हा परजीवी विषाणू पसरवतो, आजारी माश्या बाहेर जाऊन मरतात, म्हणून पेटी रिकामी दिसते. उपाय होते, वेळच्या वेळी करता आले असते. चोर चुकीचा धरला, की खरा चोर मोकळा सुटतो, एवढंच नाही. आपण निवांत झोपतो आणि तो घर साफ करतो.

आणि हा व्हरोआ मूळचा कुठला? आशियातला. आपल्याकडच्या सातेरीच्या कुळातल्या माशीवर तो पूर्वापार राहत आला. तिनं त्याला ओळखून काढायला, नरांच्या पिल्लांपुरता मर्यादित ठेवायला शिकून घेतलं आहे. युरोपीय माशीशी त्याची गाठ पडली ती माणसानं पेट्या इकडून तिकडे नेल्या तेव्हा. अमेरिकेत तो १९८७ मध्ये सापडला. महाबळेश्वरच्या जंगलातल्या सातेरीला जे कळतं, ते इथल्या माशीला अजून पुरतं कळलेलं नाही.

मग विजेच्या क्षेत्रांचा काहीच परिणाम नाही, असं मी म्हणतोय का? नाही. एक टोक सोडून दुसरं पकडायचं नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की विजेच्या मोठ्या वाहिन्यांजवळ असतात तसल्या क्षेत्रांत माश्यांचं शिकणं मंदावतं आणि उडण्यात फरक पडतो. २०२३ मध्ये चिलीतल्या अभ्यासात विजेच्या मनोऱ्यांजवळच्या फुलांकडे माश्या कमी आल्या आणि परागीभवन घटलं. तेव्हा तुमच्याकडे पेट्या असतील, तर मोठ्या विजेच्या तारांखाली ठेवू नका, हे शहाणपणाचंच. पण त्या आधी माइट मोजा.

शेवटी आइन्स्टाइन. 'माश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल' हे वाक्य त्यांच्या नावावर फिरतं, तुम्हीही वाचलं असेल. ते त्यांनी म्हटल्याचा पुरावा नाही. पण त्यांचं माश्यांविषयीचं एक खरं पत्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑक्टोबर १९४९ चं. फ्रिश यांच्या कामाचा उल्लेख करून ते लिहितात, की पक्ष्यांच्या आणि कबुतरांच्या वागण्याचा अभ्यास करता करता एखादी अजून न कळलेली भौतिक प्रक्रिया कदाचित सापडेल. प्राण्यांच्या चुंबकीय जाणिवेचे पुरावे यायला अजून बरीच वर्षं होती. खोट्या वाक्यात भीती आहे, खऱ्या पत्रात कुतूहल. फॉरवर्ड मात्र होतं ते खोटं वाक्य!

तेव्हा वहिनीला मी काय उत्तर दिलं? लिहिलं, की मोबाईल बंद करू नकोस, त्यावरून मला फोन कर. पण सोसायटीच्या बागेत औषध फवारणार असतील तर फुलोऱ्याच्या वेळी फवारू नका म्हणावं, आणि गॅलरीच्या सज्जाला मोहोळ लागलं तर धूर करणाऱ्याला बोलावण्याआधी जाणकाराला विचारा. तुम्हालाही तेच सांगतो. सध्या रस्त्याकडेला पिवळं गोल्डनरॉड आणि जांभळे ॲस्टर फुललेत. हिवाळ्याआधीची माश्यांची ही शेवटची पंगत. अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यात ते गवत न कापता राहू द्या. शेजारी काही म्हणाले तर माझं नाव सांगा.

चला, पंगत म्हटल्यावर कोणाचं लक्ष आता माझ्याकडे नाही. गणपती बाप्पा मोरया!

(ता. क. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा थंडी सुरू झालेली असेल. पेटीत माश्या राणीभोवती एकमेकींना बिलगून, पंखांचे स्नायू थरथरवत ऊब धरून बसल्या असतील. ऑगस्टमध्ये माइट मोजले होते, शंभरामागे एक निघाला. औषध केलं आहे. मार्चमध्ये झाकण उघडेन तेव्हा आतून गुणगुण ऐकू येईल, अशी आशा आहे. टॉवर टेकडीवर आहे तिथेच आहे. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.)